शासनप्रकारांची गणना आणि 'लोकशाही' हा शब्द

१

राज्यशास्त्राच्या मराठी पाठ्यग्रंथांत शासनप्रकारांचा विचार बहुधा सहा घरांच्या एका कोष्टकाने सुरू होतो. सत्ता एकाच्या हाती आहे, थोड्यांच्या हाती आहे की पुष्कळांच्या हाती आहे, या प्रश्नाने त्याचे तीन उभे रकाने पडतात; ती सर्वांच्या हितासाठी वापरली जाते की सत्ताधाऱ्यांच्याच हितासाठी, या प्रश्नाने दोन आडवे. हे कोष्टक ॲरिस्टॉटलच्या 'पॉलिटिक्स' या ग्रंथाच्या तिसऱ्या भागातील सातव्या प्रकरणावरून घेतलेले असते. विद्यार्थी ते पाठ करतो आणि त्यातून एक समजूत त्याच्या मनात घर करते: लोकशाही म्हणजे पुष्कळांचे राज्य, आणि राजेशाहीहून तिचा भेद मुख्यतः संख्येचा. या समजुतीची पुढची पायरी सरळ आहे. पुष्कळांचे राज्य हीच जर लोकशाही, तर ज्या बाजूला अधिक मते पडली तिने केलेले सर्व काही लोकशाहीला धरूनच असले पाहिजे.

प्रस्तुत लेखात या समजुतीची दोन अंगांनी परीक्षा करावयाची आहे. ज्या परंपरेतून ते कोष्टक आले त्या परंपरेला तरी संख्येची कसोटी पुरेशी वाटत होती काय, हा पहिला प्रश्न. मराठीत शासनाला नावे देण्याची जी रीत रुळली आहे ती या कसोटीला अनुसरते काय, हा दुसरा. पहिला प्रश्न तत्त्वज्ञानाच्या इतिहासाचा आणि दुसरा शब्दार्थविचाराचा असला, तरी दोहोंची उत्तरे एकाच दिशेने जातात असे दिसून येईल.

२

शासनप्रकारांची तुलना करणाऱ्या सर्वांत जुन्या उपलब्ध विवेचनांपैकी एक हिरॉडोटसच्या इतिहासाच्या तिसऱ्या भागात आहे. इ. स. पू. ५२२ मध्ये तोतया राजाचा वध केल्यावर सात इराणी सरदार पुढील राज्यव्यवस्थेविषयी वाद घालतात, असा तो प्रसंग. ही भाषणे खरोखर झाली यावर काही ग्रीकांचा विश्वास बसत नव्हता, हे हिरॉडोटस स्वतःच नमूद करतो. त्या वादाचे मोल इतिहास म्हणून नव्हे, तर पाचव्या शतकातील ग्रीक विचाराचा नमुना म्हणून आहे. त्यात ओतानेस बहुजनांच्या राज्याची बाजू घेतो, मेगाबिझस थोड्यांच्या राज्याची, आणि दरायस एकाच्या राज्याची.

ओतानेसच्या भाषणात संख्येचा उल्लेख आहेच. परंतु त्याच्या युक्तिवादाचा भार संख्येवर नाही. राजावर त्याचा मुख्य आक्षेप असा की, तो कोणालाही जाब देणे लागत नाही. याउलट बहुजनांच्या राज्याची तो तीन लक्षणे सांगतो: अधिकारपदे चिठ्ठ्या टाकून दिली जातात, अधिकाऱ्याला आपल्या कारभाराचा हिशेब द्यावा लागतो, आणि सर्व विचारविनिमय सर्वांसमोर होतो. ही तिन्ही लक्षणे राज्य कोण करतो हे सांगत नाहीत. ते कसे चालते हे सांगतात. शिवाय या व्यवस्थेला ओतानेस 'देमोक्रातिया' म्हणत नाही. तो तिला 'इसोनोमिया', म्हणजे नियमापुढील समता, असे नाव देतो आणि हे नाव सर्व नावांत सुंदर असल्याचे सांगतो. पुढे सहाव्या भागात मात्र हिरॉडोटस याच सल्ल्याचा उल्लेख लोकशाहीचा सल्ला म्हणून करतो. एकाच वस्तूला दोन नावे आहेत. एक नाव तिची रीत सांगते, दुसरे तिचा स्वामी सांगते. पुढे टिकले ते दुसरे.

या दुसऱ्या नावाची घडणही पाहण्यासारखी आहे. ग्रीक भाषेतील शासनवाचक शब्द दोन उत्तरपदांत विभागलेले आहेत. 'मोनार्खिया' आणि 'ओलिगार्खिया' यांत 'आर्खे' हे पद आहे, तर 'आरिस्तोक्रातिया' आणि 'देमोक्रातिया' यांत 'क्रातोस' हे पद आहे. पहिल्या गटाचे पूर्वपद संख्यावाचक आहे: एक, थोडे. दुसऱ्या गटाचे पूर्वपद संख्या सांगत नाही. 'देमोस' म्हणजे पुष्कळ जण नव्हे. तो शब्द कधी समग्र नागरिकसमूहाचा वाचक असतो, कधी त्यातील सामान्य जनांचा. जोसाया ओबर या अभ्यासकाने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात असे प्रतिपादले आहे की, मूळ अर्थाने 'देमोक्रातिया' म्हणजे बहुमताचे राज्य नव्हे, तर लोकांच्या अंगी असलेले कार्य घडविण्याचे सामर्थ्य. या मतावर एक आक्षेप घेता येतो: 'देमार्खोस' हे अथेन्समधील 'देमे' या स्थानिक विभागाच्या प्रमुखाचे पदनाम असल्यामुळे त्याच धर्तीचा शब्द संपूर्ण राज्यव्यवस्थेसाठी सोयीचा नव्हता, आणि म्हणून 'क्रातोस'ची निवड केवळ सोयीखातर झाली असणेही शक्य आहे. तरीसुद्धा एवढे निश्चित, की त्या शब्दाच्या घटकांत 'पुष्कळ' हा अर्थ कोठेही नाही. तो कोष्टकाने घातलेला आहे.

३

कोष्टक रचणाऱ्यांनाही त्याची उणीव जाणवली होती. प्लेटोने 'स्टेट्समन' या संवादात एक-थोडे-पुष्कळ या विभागणीला कायद्याचे पालन होते की नाही, ही दुसरी कसोटी जोडली. तेथे त्याने एक मार्मिक भाषिक निरीक्षण नोंदविले आहे. एकाच्या राज्याला कायदा पाळला जातो की नाही यानुसार दोन नावे आहेत, थोड्यांच्या राज्यालाही दोन नावे आहेत; परंतु पुष्कळांचे राज्य कायद्याने चालो वा कायदा मोडून, त्याचे नाव एकच राहते. भाषेत पडलेली ही फट पुढील विचारवंतांनी वेगवेगळ्या रीतींनी बुजविण्याचा यत्न केला. ॲरिस्टॉटलने पुष्कळांच्या शुद्ध राज्याला 'पोलितेइया' म्हटले. पण हा शब्द राज्यव्यवस्था या सामान्य अर्थाचाच असल्यामुळे जातीचे नाव व्यक्तीला दिल्यासारखे झाले आणि 'लोकशाही' हे नाव विकृत रूपाच्या वाट्याला आले. पॉलिबियसने इ. स. पू. दुसऱ्या शतकात उलट वाटणी केली. त्याने शुद्ध रूपाकडे 'देमोक्रातिया' ठेवले आणि विकृत रूपाला 'ओख्लोक्रातिया', म्हणजे जमावाचे राज्य, असे वेगळे नाव दिले.

ॲरिस्टॉटलने तर पुढच्याच, म्हणजे आठव्या, प्रकरणात आपल्या कोष्टकाचा पाया हलविला आहे. श्रीमंत संख्येने पुष्कळ असून सत्ता त्यांच्या हाती असेल, अथवा गरीब संख्येने थोडे असून सत्ता त्यांच्या हाती असेल, तर त्या राज्यांना काय म्हणावे, असा प्रश्न तो उपस्थित करतो. त्याचे उत्तर असे की, संख्या ही आनुषंगिक गोष्ट आहे. थोड्यांचे राज्य आणि लोकशाही यांतील खरा भेद संपत्ती आणि दारिद्र्य यांचा आहे. याच ग्रंथात अन्यत्र चिठ्ठ्यांनी नेमणूक करणे लोकशाहीचे आणि निवडणूक घेणे थोड्यांच्या राज्याचे लक्षण सांगितले आहे. आज निवडणूक हीच लोकशाहीची खूण समजली जाते, हे लक्षात घेतले म्हणजे कोष्टक पाठ करण्याने किती गोष्टी दृष्टीआड होतात ते कळते.

लोकशाहीमागील तात्त्विक कल्पना याच ग्रंथात दोन ठिकाणी स्पष्ट होतात. तिसऱ्या भागातील अकराव्या प्रकरणात सामुदायिक निर्णयाची बाजू मांडली आहे: प्रत्येक जण अलौकिक बुद्धीचा नसला, तरी अनेकांनी मिळून केलेला निर्णय एका तज्ज्ञाच्या निर्णयाहून सरस ठरू शकतो, वर्गणीने केलेले जेवण एकाच्या खर्चाने केलेल्या जेवणाहून सरस होते तसे. येथे संख्येला महत्त्व आहे, पण ते डोकी मोजण्यापुरते नाही. प्रत्येकाने आपला वेगळा वाटा आणला तरच हा न्याय लागू पडतो. सर्वांनी एकच पदार्थ आणला तर मेजवानी होत नाही. म्हणजे मतभेद आणि चर्चा ही या युक्तिवादाची पूर्वअट आहे. दुसरी कल्पना सहाव्या भागात येते. पाळीपाळीने राज्य करणे आणि राज्याखाली राहणे, हे तेथे स्वातंत्र्याचे एक अंग मानले आहे. आज शासक असलेला उद्या शासित होणार असेल, तरच तो शासिताच्या जागी स्वतःला पाहू शकतो. पाळी बदलण्याचा मार्ग बंद झाला, तर शासकांची संख्या कितीही मोठी असली तरी ही कल्पना लोपते.

या विवेचनाने अथेन्सचे गौरवचित्र उभे करण्याचा हेतू नाही. तेथे स्त्रिया, गुलाम आणि बाहेरून येऊन स्थायिक झालेले रहिवासी नागरिकत्वाबाहेर होते. ज्या राज्याला संख्येच्या कसोटीने पुष्कळांचे राज्य म्हणावयाचे तेथे बहुसंख्य प्रौढांना मतच नव्हते. संख्येची कसोटी आपल्या आद्य उदाहरणालाही लागू पडत नाही, एवढेच यावरून दाखवावयाचे आहे.

अर्वाचीन काळात या कसोटीचा कठोर पुरस्कार हॉब्जने केला. 'लेव्हायथन' (१६५१) या ग्रंथाच्या एकोणिसाव्या प्रकरणात तो म्हणतो की, राज्याचे प्रकार तीनच. जुलमी राजवट वगैरे जी आणखी नावे इतिहासात आढळतात ती वेगळ्या प्रकारांची नसून त्याच प्रकारांवर रुष्ट झालेल्यांनी दिलेली आहेत. शासनवाचक शब्दांत वर्णनाबरोबर निंदास्तुतीही मिसळलेली असते, हे त्याचे भाषिक निरीक्षण अचूक आहे. परंतु त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष टिकत नाही. नावात रोष आहे म्हणून रोषाला कारण नाही, असे सिद्ध होत नसते. माँतेस्क्यूने 'कायद्याचे मर्म' (१७४८) या ग्रंथात हे दाखवून दिले. त्याने राज्यांचे गणराज्य, राजेशाही आणि निरंकुश राजवट असे तीन प्रकार मानले. यांपैकी दुसऱ्यात आणि तिसऱ्यात राज्य करणारा एकच असतो. दुसऱ्यात तो स्थिर कायद्याने बांधलेला असतो आणि तिसऱ्यात आपल्या लहरीने वागतो. संख्या तीच असून प्रकार बदलला. रूसोने 'सामाजिक करार' (१७६२) या ग्रंथात आणखी पुढे जाऊन, कायद्याने चालणारे कोणतेही राज्य गणराज्यच होय आणि त्या अर्थाने राजेशाहीही गणराज्य असू शकते, असे मांडले. संख्येचा विचार त्याने सार्वभौमत्वाकडून काढून केवळ अंमलबजावणी करणाऱ्या शासनयंत्रणेपुरता ठेवला. तात्पर्य, 'कोण?' या प्रश्नाने आरंभ झालेली ही परंपरा पुनःपुन्हा 'कसे?' या प्रश्नाकडे वळलेली दिसते.

४

आता मराठी शब्दांकडे वळावयाचे. 'लोकशाही' या शब्दावर अनेकदा असा आक्षेप घेतला जातो की, '-शाही' हे पद फारसी 'शाह' म्हणजे राजा या शब्दापासून आले असल्यामुळे लोकशाही ही वदतोव्याघाताने दूषित झालेली संज्ञा आहे. 'प्रजासत्ताक' या शब्दावरही तसाच आक्षेप संभवतो. कारण 'प्रजा' हा शब्द मूळ संतती या अर्थाचा, आणि राजाच्या संदर्भात रयत या अर्थाचा आहे. राजा नसेल तेथे प्रजा कोणाची? हे आक्षेप व्युत्पत्तीच्या दृष्टीने बिनचूक आणि अर्थाच्या दृष्टीने निरुपयोगी आहेत. शब्दाचा अर्थ त्याच्या कुळावरून ठरत नाही, चालू प्रयोगावरून ठरतो. 'सत्ता' हा संस्कृत शब्द मुळात 'असणे' या अर्थाचा आहे. म्हणून मराठीतील सत्ताधारी हा केवळ अस्तित्व धारण करणारा ठरत नाही. म्हणून '-शाही'ची परीक्षा फारसी कोशात न करता मराठी प्रयोगात केली पाहिजे.

त्या प्रयोगाचा इतिहास तीन टप्प्यांत मांडता येतो. पहिल्या टप्प्यात '-शाही' घराण्याच्या नावाला लागते: निजामशाही, आदिलशाही, कुतुबशाही, इमादशाही, बरीदशाही. येथे शब्द विशिष्ट राजवटीचे विशेषनाम आहे. दुसऱ्या टप्प्यात ते पद विशेषनामापासून सुटते आणि सत्ता कोणाच्या अथवा कशाच्या बळावर चालते ते सांगू लागते: राजेशाही, सरंजामशाही, भांडवलशाही, नोकरशाही, हुकूमशाही. तिसऱ्या टप्प्यात ते राज्यसंस्थेपासूनही सुटते आणि वर्तनाची एक तऱ्हा दाखवू लागते: दंडेलशाही, झोटिंगशाही, बेबंदशाही, घराणेशाही, झुंडशाही. दंडेलशाही एखाद्या कार्यालयात असू शकते, घराणेशाही एखाद्या संस्थेत असू शकते. आजच्या मराठीत नवे शब्द घडविण्याची शक्ती या तिसऱ्या अर्थात अधिक आहे.

या शब्दसमूहाचे शासनप्रकारांचे कोष्टक होऊ शकते काय? वर्गीकरणाची पहिली अट अशी की, त्यातील वर्ग परस्परांना वगळणारे असावेत. एकाचे राज्य हे त्याच वेळी पुष्कळांचे राज्य असू शकत नाही. परंतु 'लोकशाहीतील घराणेशाही', 'लोकशाहीतील नोकरशाही' हे प्रयोग मराठीत नित्याचे आहेत, आणि ते ऐकणाऱ्याला त्यांत तार्किक विसंगती वाटत नाही, खेद वाटतो. यावरून हे पद सत्ताधाऱ्यांची संख्या सांगत नाही, हे स्पष्ट होते. दुसरे प्रमाण 'लोकशाही' आणि 'झुंडशाही' या जोडीचे. दोहोंत कर्ते पुष्कळच आहेत. संख्येने त्यांत भेद करता येत नाही. तरी कोणताही मराठी भाषक हे शब्द एकमेकांच्या जागी वापरणार नाही. पॉलिबियसला जो भेद करण्यासाठी वेगळी संज्ञा योजावी लागली, प्लेटोला ज्या भेदासाठी भाषेत नाव सापडले नाही, तो भेद मराठीत सहज उपलब्ध आहे. तिसरे प्रमाण विशेषणात्मक प्रयोगाचे. 'लोकशाही मार्गाने', 'हुकूमशाही पद्धतीने', 'नोकरशाही वृत्ती' अशा प्रयोगांत ही नामे रीतिवाचक विशेषणे म्हणून येतात. संविधानाच्या मराठी उद्देशिकेतील 'लोकशाही गणराज्य' हा प्रयोग याच जातीचा आहे. हिंदी उद्देशिकेला तेथे 'लोकतंत्रात्मक' असे प्रत्यय लावून विशेषण साधावे लागले. मराठीत नामच विशेषणाचे काम करून जाते.

येथे एक आक्षेप विचारात घेणे अवश्य आहे. '-शाही'ने घडलेले बहुतेक शब्द निंदाव्यंजक असल्यामुळे 'लोकशाही'लाही त्यांची बाधा होते. तेव्हा 'लोकतंत्र' हा शब्द स्वीकारणे इष्ट नव्हे काय? या आक्षेपात तथ्यांश आहे. परंतु शेजारच्या शब्दांशी असलेले नाते हे शब्दाचे सामर्थ्यही असते. 'लोकतंत्र' या शब्दाशेजारी 'झुंडतंत्र' किंवा 'घराणेतंत्र' असे शब्द मराठी बोलण्यात उभे राहत नाहीत. लोकशाहीचा ऱ्हास ज्या ज्या वळणाने होतो त्या त्या वळणाला एकाच साच्यातील नाव देण्याची सोय '-शाही'मुळे झाली आहे. शुद्धतेखातर ती सोय सोडणे शहाणपणाचे ठरणार नाही.

'गणराज्य' आणि 'प्रजासत्ताक' यांची गोष्ट वेगळी आहे. उद्देशिकेत 'गणराज्य' आणि २६ जानेवारीला 'प्रजासत्ताक दिन', असे एकाच कल्पनेचे दोन पर्याय मराठीने शेजारी शेजारी नांदविले आहेत. 'गण' या शब्दामुळे प्राचीन गणसंघांचे स्मरण होते, आणि काशीप्रसाद जयस्वाल यांच्या १९२४ मधील ग्रंथापासून त्या संघांना आधुनिक अर्थाची गणराज्ये मानण्याकडे कल राहिला. पुढील संशोधनाने, विशेषतः रोमिला थापर यांच्या १९८४ मधील ग्रंथाने, या संघांतील कुलाधिष्ठित रचनेकडे लक्ष वेधले. तेथे निर्णयात भाग असे तो सत्ताधारी क्षत्रिय कुळांना, त्यांच्या दासांना व कष्टकऱ्यांना नव्हे. सभा भरत होती, मते घेतली जात होती, एवढ्यावरून लोकशाही सिद्ध होत नाही. अथेन्सविषयी जे म्हटले तेच येथेही म्हटले पाहिजे. शब्दाचे प्राचीनत्व हा कल्पनेच्या प्राचीनत्वाचा पुरावा नव्हे.

५

हा वाद केवळ संज्ञांचा नाही, याचे प्रमाण भारताच्याच इतिहासात आहे. २५ जून १९७५ रोजी अंतर्गत अशांततेच्या कारणास्तव आणीबाणी घोषित झाली. ती २१ मार्च १९७७ रोजी उठली. त्या काळात राज्य करणारा पक्ष १९७१ च्या निवडणुकीत निवडून आलेला होता आणि लोकसभेत त्याचे बहुमत होते. संख्येच्या कसोटीने पाहिले तर जूनच्या आरंभीचे आणि जूनच्या अखेरचे शासन एकच ठरते. बदल झाला तो रीतीत: वृत्तपत्रांवर नियंत्रण आले, विरोधी नेते स्थानबद्ध झाले, आणि २८ एप्रिल १९७६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने असे ठरविले की, त्या काळात स्थानबद्धाला स्वातंत्र्यासाठी न्यायालयाकडे दाद मागता येणार नाही. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी तेवढा विरोधी निर्णय दिला. कराड येथे १९७५ मध्ये भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत यांनी लेखनस्वातंत्र्याची बाजू मांडली. त्या काळाला मराठीत 'हुकूमशाही' म्हणणाऱ्यांनी सत्ताधाऱ्यांची संख्या मोजलेली नव्हती. जाब विचारण्याचे मार्ग मोजले होते. विशेष असे, की उद्देशिकेतील 'लोकशाही गणराज्य' हे शब्द त्या काळात तसेच राहिले. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तर त्यांच्याआधी आणखी दोन विशेषणे घातली. नाव कायम राहून रीत बदलू शकते, हे प्लेटोचे निरीक्षण असे खरे ठरले.

बाबासाहेब आंबेडकर यांच्या विचाराचे महत्त्व या संदर्भात ध्यानात येते. १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या प्रबंधात, जॉन ड्यूईच्या विचाराला अनुसरून, त्यांनी लोकशाही हा केवळ शासनाचा प्रकार नसून मुख्यतः सहजीवनाची एक रीत आहे, असे मांडले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात त्यांनी त्याचा व्यावहारिक परिणाम सांगितला: राजकारणात एका माणसाला एक मत आणि एका मताला एक मूल्य मिळेल, परंतु सामाजिक व आर्थिक जीवनात ही समता नाकारली जात राहील, ही विसंगती दूर झाली नाही तर राजकीय लोकशाहीचा डोलाराच धोक्यात येईल. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांची फारकत करता येत नाही, हा त्या भाषणाचा गाभा आहे. कोष्टकाच्या भाषेत हे सांगताच येत नाही. कारण कोष्टकात मतांची संख्या मावते, मताचे मूल्य मावत नाही. गरीब-श्रीमंत हा खरा भेद आहे, असे ॲरिस्टॉटलने आठव्या प्रकरणात म्हटले होते. आंबेडकरांनी त्या जागी जातीचा भेदही ठेवला आणि प्रश्न अधिक खोल नेला: ज्यांच्यात सहजीवनच नाही त्यांची संख्या एकत्र मिळवून 'लोक' होतात काय? 'लोकशाही' या शब्दातील उत्तरपदावर पुष्कळ वाद झाला. अवघड पद पूर्वपद आहे.

याचा अर्थ संख्या टाकून द्यावी असा नाही. मते मोजल्यावाचून लोकशाहीत निर्णय होऊ शकत नाहीत, आणि मोजणी नाकारणारे बहुधा स्वतःच्या मताला अधिक मूल्य मागत असतात. संख्येने निर्णय कोणत्या बाजूने लागला ते कळते. तो निर्णय लोकशाहीचा आहे की नाही ते कळण्यास ओतानेसचेच प्रश्न विचारावे लागतात: अधिकार मिळण्याची वाट सर्वांना खुली आहे काय, अधिकाऱ्याला हिशेब द्यावा लागतो काय, आणि चर्चा सर्वांसमोर होते काय. शासनप्रकारांचे प्रकरण शिकविताना सातव्या प्रकरणातील कोष्टकाबरोबर आठवे प्रकरणही शिकविले जावे, आणि मराठी विद्यार्थ्याला 'लोकशाही' हा शब्द 'झुंडशाही', 'घराणेशाही' आणि 'हुकूमशाही' या शब्दांच्या शेजारी ठेवून तपासावयास सांगावे. जो भेद पाठ्यग्रंथ त्याला सांगत नाही तो त्याच्या बोलीला आधीच ठाऊक असल्याचे त्याला आढळून येईल.